एका क्षणाच्या अनेक ओळी : डेटाबेसमधील वेळ, ओळख आणि क्रम

संगणकीय डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांच्या रूपाने साठवली जाते. तक्त्यातील प्रत्येक ओळ ही एक नोंद असते आणि प्रत्येक स्तंभ त्या नोंदीचा एकेक गुण सांगतो. या स्तंभांपैकी एक आज जवळजवळ प्रत्येक तक्त्यात आढळतो, तो म्हणजे टाइमस्टॅम्प, अर्थात नोंदीवर उमटवलेला तारीख-वेळेचा शिक्का. बँकेतील खाते असो, रुग्णालयातील तपासणी असो वा रेल्वेचे आरक्षण, नोंद केव्हाची हे कळल्याखेरीज पुरावा म्हणून तिला फारशी किंमत राहत नाही. अशा तक्त्यात एकदम अनेक ओळी घातल्या आणि त्या सर्वांवर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत एकच वेळ उमटली, की तक्ता घडवणाऱ्यांत दोन पक्ष पडतात. एका पक्षाला हा सारखेपणा दोष वाटतो आणि तो कसा टाळावा याचे उपाय हा पक्ष शोधू लागतो. दुसरा पक्ष त्याच सारखेपणावर इतका विसंबतो की, ज्या ओळींची वेळ सारखी त्या एकाच घटनेच्या असे गृहीत धरून पुढचा सारा हिशेब मांडतो. हे दोन्ही पक्ष टाइमस्टॅम्पकडून त्याच्या अधिकाराबाहेरचे काम मागतात, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. अनेक ओळींची वेळ एक असणे ही बहुधा खरी आणि इष्टही गोष्ट असते. चूक होते ती त्या वेळेलाच ओळीची ओळख मानण्यात आणि तिच्यावरूनच ओळींचा क्रम ठरवण्यात. ओळख, क्रम आणि वेळ ही तीन निराळी तथ्ये आहेत, आणि त्यांना तीन निराळ्या जागा लागतात.

पावसाच्या नोंदींच्या आधारे हा भेद स्वच्छ दिसतो. भारतात चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजण्याची पद्धत आहे. त्यामुळे राज्यभरातील सर्व पर्जन्यमापन केंद्रांच्या एका दिवसाच्या ओळींवर एकच वेळ असते आणि ती तशी असावीच लागते, कारण केंद्राकेंद्रांची तुलना करता यावी यासाठीच ती वेळ नेमलेली आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर जो पाऊस कोसळला, त्याची २७ जुलैच्या सकाळी साडेआठची नोंद सांताक्रूझ केंद्रावर ९४४ मिलिमीटर अशी झाली, तर त्याच शहरातील कुलाबा केंद्रावर ती सुमारे ७३ मिलिमीटर होती. दोन्ही ओळींची वेळ अगदी एक, आणि आकड्यांत बारापटींहून अधिक अंतर. या दोन ओळी एकमेकींपासून वेगळ्या ठरतात त्या केंद्राच्या नावामुळे. वेळ त्यांना वेगळे करत नाही, उलट जोडते. म्हणून अशा तक्त्याची प्रायमरी की, म्हणजे एका ओळीला तक्त्यातील इतर सर्व ओळींपासून निर्विवादपणे वेगळी ओळखण्याचे साधन, केंद्र आणि वेळ या दोन स्तंभांची मिळून बनवावी लागते. केवळ वेळेला प्रायमरी की केले, तर सांताक्रूझची ओळ आत गेल्यावर कुलाब्याची ओळ नाकारली जाईल, कारण तीच किंमत दुसऱ्यांदा स्वीकारायला डेटाबेस बांधलेला नसतो.

नाकारले जाणे हा त्यातल्या त्यात बरा परिणाम होय, कारण त्यातून निदान चूक उघड होते. काही डेटाबेस मात्र दुसरी ओळ नाकारत नाहीत, तर पहिलीच्या जागी दुसरी लिहितात आणि तसे केल्याचे कळवतही नाहीत. कॅसँड्रामध्ये साधी इन्सर्ट आज्ञा, आधीच असलेल्या प्रायमरी कीवर आली, तर जुन्या किमतींवर नव्या किमती लिहिते. इन्फ्लक्सडीबी हा कालक्रमाने येणारी मोजमापे साठवण्यासाठीच घडवलेला डेटाबेस. तेथे मोजमापाचे नाव, टॅग नावाच्या वर्णनखुणा आणि वेळ या तिन्ही सारख्या असल्या की दोन नोंदी एकच समजल्या जातात व नंतर आलेली किंमत टिकते. म्हणजे केंद्राचे नाव टॅग म्हणून न देता फील्ड, अर्थात मोजलेली किंमत, म्हणून दिले, तर उशिरा पोहोचलेला कुलाब्याचा ७३ हा आकडा सांताक्रूझच्या ९४४ वर बसेल आणि मुंबईच्या इतिहासातील एका भीषण दिवसाचा पुरावा एकही इशारा न मिळता पुसला जाईल. ज्या नोंदींवरून पूररेषा आखल्या जातात आणि नाल्यांची रुंदी ठरते, त्यांच्या बाबतीत तक्त्याच्या कीची निवड ही निव्वळ तांत्रिक बाब म्हणून सोडून देता येत नाही.

ओळी नाकारल्या जाऊ लागल्या की अनेक ठिकाणी एक उपाय सर्रास योजला जातो: दुसऱ्या ओळीच्या वेळेत एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, मिळवायचा, तिसरीत दोन, चौथीत तीन, आणि असे करून सर्व वेळा निराळ्या करून घ्यायच्या. हा उपाय निःसंशय त्याज्य आहे. जी वेळ कोणत्याही घड्याळाने दाखवली नाही ती तक्त्यात लिहिणे म्हणजे नोंदीत खोटी माहिती घालणे, मग ती कितीही सूक्ष्म असो. आणि पुढे त्या तक्त्यावरून कोणी दोन घटनांमधील अंतर मोजू लागले, तर या कृत्रिम मायक्रोसेकंदांना खऱ्या अंतरापासून वेगळे काढण्याचा मार्ग त्याच्यापाशी नसतो. शिवाय हा उपाय पुरतही नाही, कारण दोन निराळे प्रोग्रॅम एकाच वेळी अशीच भर घालू लागले की वेळा पुन्हा जुळतात. ओळख हवी असेल तर ती ओळख म्हणूनच द्यावी. ज्या पद्धती ओळखीच्या क्रमांकात वेळ गुंफतात, त्यांनीसुद्धा एकट्या वेळेवर विश्वास टाकलेला नाही, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. यूयूआयडी या जगभर वापरल्या जाणाऱ्या ओळखक्रमांकाच्या पहिल्या प्रकारात १५ ऑक्टोबर १५८२ या ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या आरंभदिनापासूनचे शंभर-शंभर नॅनोसेकंदांचे तुकडे मोजलेले असतात, तरीही त्याच्या जोडीला यंत्राची खूण आणि एक वेगळा अनुक्रम ठेवलेला आहे. ट्विटरने २०१० मध्ये आणलेल्या स्नोफ्लेक क्रमांकात वेळेला ४१ बिट, यंत्राला १० बिट आणि एकाच मिलिसेकंदातील अनुक्रमाला १२ बिट दिले आहेत. म्हणजे एका मिलिसेकंदात एकाच यंत्रावर ४०९६ नोंदी होतील हे आरंभीच मान्य केलेले आहे. मे २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या यूयूआयडीच्या सातव्या प्रकारातही ४८ बिटांची वेळ आणि तिच्यापुढे यादृच्छिक अंक अशीच रचना आहे.

पावसाच्या नोंदीतील वेळ ही निरीक्षणाची वेळ होय. ती ओळ तक्त्यात केव्हा घातली गेली ती वेळ निराळी. दूरच्या केंद्राची नोंद दुपारी येते, एखादी दुरुस्ती आठवड्याने येते, पण निरीक्षणाची वेळ सकाळी साडेआठचीच राहते. रिचर्ड स्नॉडग्रास आणि इल्सू आन यांनी १९८५ मध्ये डेटाबेसमधील काळाचे जे वर्गीकरण मांडले, त्यात जगात गोष्ट खरी असण्याचा काळ आणि ती डेटाबेसला ठाऊक होण्याचा काळ हे दोन स्पष्टपणे वेगळे केलेले आहेत. ज्या तक्त्यात या दोहोंसाठी एकच स्तंभ असतो, तो तक्ता एका प्रश्नाचे उत्तर कायमचे गमावून बसतो. धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय झाला त्या घटकेला अधिकाऱ्यांसमोर कोणते आकडे होते, हा प्रश्न पुराच्या चौकशीत हमखास निघतो, आणि त्याचे उत्तर केवळ निरीक्षणाच्या वेळेवरून देता येत नाही.

यानंतर ज्या ओळींची वेळ एका घटनेतून जन्मते, अशा ओळींकडे वळणे योग्य होईल. पुण्यातील एखाद्या व्यापाऱ्याने पुण्यातच १०,००० रुपयांचा माल विकला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असला, तर त्याच्या हिशेबात चार ओळी होतात: ग्राहकाच्या खाती ११,८०० रुपये नावे, विक्रीखाती १०,००० जमा, केंद्रीय जीएसटीच्या खाती ९०० जमा आणि राज्य जीएसटीच्या खाती ९०० जमा. लुका पाचोली यांच्या १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात वर्णिलेल्या द्विनोंदी पद्धतीचा पायाच असा आहे की नावे आणि जमा यांची बेरीज जुळली पाहिजे. म्हणून या चार ओळी एक तर साऱ्या असतील किंवा एकही नसेल. डेटाबेसमध्ये ही हमी देणाऱ्या यंत्रणेला ट्रान्झॅक्शन म्हणतात: अनेक आज्ञांचा असा गट, जो कमिट या शेवटच्या आज्ञेने एकसंधपणे पक्का होतो किंवा मध्येच काही बिघडल्यास मुळापासून रद्द होतो. जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये या संकल्पनेचे गुण आणि मर्यादा मांडल्या, आणि थिओ हार्डर व आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये तिच्या चार गुणधर्मांना ॲसिड हे संक्षिप्त नाव दिले. विक्री ही एक घटना आहे, तिचा क्षण एक आहे, आणि म्हणून चारही ओळींवर एकच वेळ असणे हेच सत्याला धरून आहे. विक्रीखात्याची ओळ आणि कराची ओळ यांच्यात तीन मायक्रोसेकंदांचे अंतर दिसले, तर ते प्रोग्रॅमच्या धावण्याचे अंतर असते, व्यापाराचे नव्हे.

आता ही एकच वेळ प्रत्यक्षात उमटते कशी, हे पाहावे लागते, कारण निरनिराळे डेटाबेस येथे निरनिराळे वागतात आणि बहुतेक घोटाळे याच ठिकाणी होतात. एका इन्सर्ट आज्ञेत व्हॅल्यूज या शब्दापुढे स्वल्पविराम देऊन अनेक ओळी लिहिल्या, तर त्या साऱ्या एकाच विधानाच्या भाग असतात. आणि एसक्यूएल या डेटाबेस-भाषेच्या १९९२ च्या मानकाने असे ठरवले आहे की एका विधानात चालू वेळ कितीही वेळा विचारली, तरी ती सर्व ठिकाणी जणू एकाच क्षणी पाहिल्याप्रमाणे धरावी. इथवर मतभेद नाही. परंतु त्याच चार ओळी चार स्वतंत्र इन्सर्ट आज्ञांनी, मात्र एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्या, तर काय होते? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नाऊ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते आणि ती शेवटपर्यंत बदलत नाही, त्यामुळे चारही ओळींची वेळ एकच येते. मायएसक्यूएलमध्ये त्याच नावाचे फंक्शन ते विधान सुरू झाल्याची वेळ देते, म्हणून चार आज्ञा सेकंदाच्या सीमेवर पडल्या, तर दोन ओळी एका सेकंदाच्या आणि दोन पुढच्या सेकंदाच्या होतात. पोस्टग्रेसमध्ये विधानाची वेळ हवी असल्यास स्टेटमेंट टाइमस्टॅम्प आणि भिंतीवरच्या घड्याळाची, ओळीगणिक पुढे सरकणारी वेळ हवी असल्यास क्लॉक टाइमस्टॅम्प अशी दोन वेगळी फंक्शने आहेत. मायएसक्यूएलमध्ये हेच दुसरे काम सिसडेट करते. एका डेटाबेसवर वर्षानुवर्षे बरोबर चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेला, की बिलाच्या ओळी वेळेवरून एकत्र करणारा अहवाल अधूनमधून फसू लागतो, आणि तो रोज फसत नाही म्हणूनच त्याचे कारण सापडायला महिने जातात.

अशा परिस्थितीत सर्वांत सरळ मार्ग म्हणजे वेळ एकदाच घ्यावी, ती एका चलात ठेवावी आणि प्रत्येक इन्सर्ट आज्ञेला तीच पुरवावी. मात्र ती कोणाच्या घड्याळावरून घ्यायची, याचा निर्णय आधी व्हायला हवा. दुकानातील संगणक, मधला सर्व्हर आणि डेटाबेसचा सर्व्हर या तिघांची घड्याळे नेटवर्कवरून जुळवली जात असली, तरी त्यांच्यात काही मिलिसेकंदांचा आणि दुर्लक्षित यंत्रांत काही मिनिटांचासुद्धा फरक असू शकतो. नोंदीची वेळ म्हणून डेटाबेसच्या सर्व्हरचेच घड्याळ प्रमाण मानणे आणि दुकानातील वेळ हवी असल्यास ती वेगळ्या स्तंभात ठेवणे, ही व्यवस्था अधिक सुरक्षित होय.

घड्याळ जितके बारीक मोजते तितकी वेळ स्तंभात मावतेच असे नाही. पोस्टग्रेसचा टाइमस्टॅम्प मायक्रोसेकंदापर्यंत जातो. ओरॅकलचा डेट हा प्रकार सेकंदापाशी थांबतो. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम प्रकार सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंत मोजतो, म्हणून त्यात मिलिसेकंदांचा शेवटचा अंक नेहमी शून्य, तीन किंवा सात असाच येतो. मायएसक्यूएलमध्ये सेकंदाचे अपूर्णांक स्पष्टपणे मागितल्याशिवाय ठेवले जात नाहीत, आणि आलेला अपूर्णांक सोडून न देता जवळच्या पूर्ण सेकंदाला नेला जातो. याचा परिणाम असा की ३१ मार्चच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटे ५९.६ सेकंद ही प्रोग्रॅमने दिलेली वेळ तक्त्यात १ एप्रिलची मध्यरात्र म्हणून बसते, आणि एक विक्री पुढच्या आर्थिक वर्षात जाते. स्तंभ जितका ठोकळ, तितक्या परस्परांशी संबंध नसलेल्या घटना एका वेळेवर येऊन पडतात. म्हणजे सारखी वेळ दोन कारणांनी येते: घटना एक असल्यामुळे, किंवा घटना दोन असूनही मोजमाप ठोकळ असल्यामुळे. तक्त्याकडे नंतर पाहणाऱ्याला ही दोन कारणे वेळेवरून कदापि वेगळी करता येत नाहीत.

महाराष्ट्राच्या महसुली दप्तराने हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी सोडवलेला आहे. खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांची नावे सातबाऱ्यावर चढतात, तेव्हा गाव नमुना सहामध्ये एक फेरफार नोंदवला जातो आणि सातबाऱ्यावर प्रत्येक वारसाच्या नावाशी त्या फेरफाराचा क्रमांक येतो. त्याच गावात त्याच दिवशी दुसरा फेरफार मंजूर झाला, तरी कोणते नाव कोणत्या फेरफाराने आले याविषयी गोंधळ होत नाही, कारण नावांना बांधणारी गाठ तारखेची नसून क्रमांकाची आहे. बिलाच्या चार ओळींसाठी नेमके हेच करावयाचे असते: विक्रीचा एक तक्ता, ज्यात विक्रीचा क्रमांक आणि वेळ एकदाच लिहिली जाईल, आणि ओळींचा दुसरा तक्ता, ज्यात प्रत्येक ओळीशी विक्रीचा क्रमांक आणि विक्रीतील ओळीचा अनुक्रम असेल. एवढे झाले की ओळींच्या तक्त्यात टाइमस्टॅम्पची गरजच उरत नाही. चार ठिकाणी एकच वेळ लिहिण्याचा, ती चारही ठिकाणी जुळते की नाही हे तपासण्याचा आणि न जुळल्यास कोणती खरी मानायची याचा, असे तिन्ही प्रश्न उद्भवण्याआधीच मिटतात.

क्रमाचा प्रश्न याहून अधिक फसवा आहे, कारण तो बहुतेक वेळ सुटल्यासारखा दिसतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपात तक्ता हा गणिती अर्थाने संच आहे, आणि संचात पहिला-दुसरा असा भेद नसतो. ओळी ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने त्या परत मिळतील, असे आश्वासन कोणताही एसक्यूएल डेटाबेस देत नाही. ऑर्डर बाय या शब्दांनी क्रम मागावा लागतो, आणि मागितलेल्या स्तंभात बरोबरी झाली, तर बरोबरीतल्या ओळी कोणत्याही क्रमाने आल्या तरी डेटाबेस दोषी ठरत नाही. तक्ता लहान असेपर्यंत त्या घातलेल्या क्रमाने येतातही. नवा इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, तयार झाली किंवा काम अनेक प्रोसेसरांत वाटले गेले, की त्याच प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या क्रमाने येते. याचा फटका पानापानांनी दाखवायच्या यादीत बसतो. समजा, एका पानावर वीस ओळी आहेत, विसाव्या ओळीची वेळ दहा वाजताची आहे आणि त्याच वेळेच्या आणखी तीन ओळी पुढे आहेत. पुढच्या पानासाठी दहानंतरच्या ओळी मागितल्या, तर त्या तीन ओळी कोणत्याच पानावर येत नाहीत. दहा किंवा त्यानंतरच्या मागितल्या, तर विसावी ओळ दोनदा येते. खरा उपाय असा की क्रम वेळ आणि ओळखक्रमांक या दोहोंनी मिळून ठरवावा आणि पुढचे पान मागताना दोन्हींची जोडी द्यावी: वेळ दहाच्या पुढची, अथवा वेळ दहाचीच पण ओळखक्रमांक शेवटच्या दाखवलेल्या ओळीहून मोठा.

लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९७८ च्या प्रसिद्ध निबंधात बरोबरी फोडण्याची हीच रीत आहे: दोन संगणकांनी आपापल्या घटनांना एकच आकडा दिला, तर संगणकांना आधीच नेमून दिलेल्या क्रमाने त्यांतली एक घटना आधीची धरायची. हा निर्णय सोयीचा असतो, सत्याचा नव्हे, हे लॅम्पोर्ट यांना पूर्ण ठाऊक होते. त्यांचे म्हणणे इतकेच की सर्वांनी एकच निर्णय घेतला म्हणजे काम चालते. जेथे क्रमावर माणसांचा हक्क अवलंबून असतो तेथे मात्र सोयीचा निर्णय पुरत नाही. शेअर बाजारात समान किमतीच्या मागण्यांपैकी आधी आलेली आधी पुरी होते. तेथे एका मिलिसेकंदात पोहोचलेल्या दोन मागण्यांचा क्रम नंतर त्यांच्या वेळेवरून शोधून काढता येणार नाही, तो येण्याच्या दारातच अनुक्रमांक देऊन पक्का करावा लागतो.

सर्वांत खोल खड्डा मात्र आणखी पुढे आहे, आणि त्याची चर्चा पाठ्यपुस्तकांत फार थोडी आढळते. पोस्टग्रेसमध्ये नाऊ वापरल्यास ट्रान्झॅक्शनच्या सर्व ओळींवर त्याच्या आरंभाची वेळ उमटते, पण त्या ओळी इतरांना दिसू लागतात त्या कमिट झाल्यावर. या दोन क्षणांमधील अंतर लहान असो वा मोठे, त्या अंतरात दुसरे कोणी पुढे निघून जाऊ शकते. पोस्टग्रेसमध्ये पहिले ट्रान्झॅक्शन दहा वाजता सुरू झाले आणि दहा वाजून आठ सेकंदांनी कमिट झाले. दुसरे तीन सेकंदांनी सुरू झाले आणि चौथ्या सेकंदाला कमिट झाले. पाचव्या सेकंदाला एक प्रोग्रॅम नव्या ओळी उचलून दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवायला आला, तर त्याला दुसऱ्या ट्रान्झॅक्शनच्या, तीन सेकंदांचा शिक्का असलेल्या ओळी दिसतात. तो त्या नेतो आणि पुढच्या वेळी तीन सेकंदांनंतरच्याच ओळी मागायच्या असे लिहून ठेवतो. पहिल्या ट्रान्झॅक्शनच्या ओळी आठव्या सेकंदाला प्रकट होतात, पण त्यांच्यावर दहा वाजताचा शिक्का आहे, म्हणून त्या पुढे कधीच उचलल्या जात नाहीत. कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही; मूळ तक्त्यात ओळी आहेत, दुसरीकडे नाहीत, आणि वर्षअखेरीस दोन कार्यालयांची बेरीज जुळत नाही. वेळेऐवजी वाढता अनुक्रमांक वापरला, तरी हा दोष जात नाही, कारण अनुक्रमांकही ओळ घालताना मिळतो, कमिट होताना नव्हे. त्यावर मुख्य मार्ग दोन आहेत. एक म्हणजे प्रत्येक खेपेस थोड्या मागच्या वेळेपासून पुन्हा उचलणे आणि आधी नेलेल्या ओळी त्यांच्या ओळखक्रमांकावरून वगळणे. येथे मागे किती जायचे हे सर्वांत लांबणाऱ्या ट्रान्झॅक्शनवरून ठरवावे लागते. दुसरा म्हणजे तक्ता न वाचता डेटाबेसची स्वतःची बदलनोंद वाचणे, जिच्यातून ट्रान्झॅक्शने कमिट झाल्याच्या क्रमानेच बाहेर येतात. पोस्टग्रेसच्या ९.५ या आवृत्तीपासून प्रत्येक ट्रान्झॅक्शनची कमिट-वेळ जतन करण्याची सोयही आहे, परंतु ती मुद्दाम सुरू करावी लागते.

स्थानिक वेळेचा प्रश्न भारतात सहसा जाणवत नाही, कारण येथे घड्याळे ऋतुमानाप्रमाणे मागेपुढे केली जात नाहीत. न्यू जर्सीतील एखाद्या मराठी कुटुंबाच्या दुकानात मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्रीचा एक ते दोन हा तास दोनदा येतो, आणि त्या तासातील स्थानिक वेळा दोन निराळ्या क्षणांच्या असूनही अक्षरशः सारख्या दिसतात. म्हणून साठवण जागतिक समन्वित वेळेत करावी आणि स्थानिक वेळ फक्त दाखवताना काढावी, ही शिस्त आता सर्वमान्य आहे. तीही पूर्ण निर्दोष नाही: ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस घातलेला लीप सेकंद भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी आला, आणि १९७० पासूनचे सेकंद मोजणाऱ्या संगणकीय गणनेत त्या सेकंदाला स्वतःचा आकडाच नव्हता.

मोठ्या प्रमाणावर ओळी घालण्याच्या कामात हे सारे एकत्र येते. एकेक ओळ स्वतंत्र पाठवल्यास प्रत्येक वेळी सर्व्हरपर्यंत जाण्यायेण्याचा वेळ लागतो, म्हणून शेकडो ओळी एका इन्सर्ट आज्ञेत देणे किंवा पोस्टग्रेसच्या कॉपी आज्ञेने सबंध फाइल भरणे हा योग्य मार्ग आहे. पण येथेही मर्यादा आहेत: एसक्यूएल सर्व्हर एका इन्सर्टच्या व्हॅल्यूज यादीत हजारांहून अधिक ओळी घेत नाही, त्यामुळे पाच हजार ओळींची फाइल निदान पाच विधानांत विभागावी लागते, आणि प्रत्येक विधान स्वतःची वेळ घेऊ लागले की एका फाइलच्या ओळींवर पाच निराळ्या वेळा येतात. म्हणून फाइल भरण्याआधी एका वेगळ्या तक्त्यात त्या भरणीची एक ओळ घालावी, तिच्यात भरणीचा क्रमांक, वेळ, फाइलचे नाव आणि भरणाऱ्याची ओळख लिहावी, आणि भरलेल्या प्रत्येक ओळीला तो क्रमांक द्यावा. याचे मोल कळते ते चुकीची फाइल भरली गेली त्या दिवशी. त्या वेळी वेळेवरून ओळी पुसायला गेले, तर त्याच सेकंदात दुसऱ्या टेबलावरून नोंदलेली एखाद्याची पावतीही पुसली जाते. क्रमांकावरून पुसल्या, तर नेमक्या त्याच पाच हजार ओळी जातात आणि शेजारची पावती जागच्या जागी राहते.